खुरपं, सकाळ-संध्याकाळ

हल्ली शहरात माणसाला बागेचा छंद लागत नाही. बाग लिहून दिली जाते. डॉक्टर अहवालावरून नजर फिरवतात, रक्तदाबाची एक, साखरेची एक आणि त्या दोघींमुळे पित्त होऊ नये म्हणून आणखी एक अशा गोळ्या लिहितात आणि कागद हातात देता देता म्हणतात, "आणि हो, थोडं मातीत काम करत जा. बरं वाटेल." तोवर बाहेर पुढच्या नंबराचा पुकारा झालेला असतो. त्यामुळे थोडं म्हणजे किती, कुठल्या मातीत, आणि जेवणाआधी की जेवणानंतर, हे विचारायचं राहूनच जातं. पेशंट घरी येतो. घर सातव्या मजल्यावर. तिथे माती म्हणावी अशी वस्तू फक्त बटाट्यांच्या टोपलीच्या तळाशी सापडते.

मागच्या पिढीत हेच वाक्य धमकी म्हणून वापरलं जायचं. "नीट शिकला नाहीस तर मातीत काम करावं लागेल," असं वडील म्हणायचे आणि पोरगं घाबरून एकोणतीसचा पाढा पाठ करायचं. धमकी लागू पडली. पोरगं शिकलं, शहरात आलं, खुर्चीत बसलं, आणि खुर्चीत बसून माणसाला जे जे होतं ते सगळं त्याला यथासांग झालं. आता तेच वाक्य तासभर ताटकळून, वर फी मोजून ऐकावं लागतं.

डॉक्टरांची बाजू मात्र भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते, आणि खणणं, खुरपणं, पालापाचोळा गोळा करणं ही कामं त्या हिशेबात भराभर चालण्याच्या बरोबरीने धरली जातात. रॉजर उलरिच यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून १९८४ साली एक निबंध लिहिला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या पेशंटांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. आपल्याकडे हा प्रयोग करायचा तर भिंतवाला गट एका दिवसात भरेल. झाडवाल्या गटासाठी पेशंट मिळतील, खिडक्या मिळणार नाहीत.

२०११ साली नेदरलँड्समध्ये तीस बागवाल्यांना आधी मुद्दाम डोकं पिकवणारं काम दिलं. मग निम्म्यांना अर्धा तास आपापल्या वाफ्यात सोडलं आणि निम्म्यांना आत वाचत बसवलं. त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं तर ते दोन्ही गटांत उतरलं होतं, पण वाफ्यातल्या मंडळींचं जास्त. प्रयोग उत्तम आहे, फक्त ताण निर्माण करण्यावर झालेला खर्च टाळता आला असता. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला यायचं, पार्किंगचा विषय निघाला की लाळेचे नमुने घ्यायचे. त्या वेळी प्रत्येकाच्या तोंडाला फेस आलेलाच असतो.

त्याआधी २००७ साली ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी मातीत राहणारा मायकोबॅक्टेरियम व्हॅकी नावाचा जंतू उंदरांना टोचून पाहिला, तेव्हा उंदरांच्या मेंदूतल्या सेरोटोनिनच्या पेशी तरतरीत झाल्या. तेव्हापासून 'मातीत हात घातला की आनंद होतो, हे सिद्ध झालंय' असा निरोप सकाळी सकाळी मोबाइलवर येऊ लागला. मूळ निरोप उंदरांसाठी होता हे सांगणारा निरोप अजून कोणी पाठवलेला नाही. आमच्या पार्किंगमधले उंदीर कुठलंही इंजेक्शन न घेता अत्यंत आनंदात आहेत.

एवढं वाचून झालं की माणूस गच्चीकडे वळतो. शहरातल्या सोसायटीत गच्ची सगळ्यांची असते. निदान तिथे कोणी एकट्याने काही करायचं म्हटलं की ती सगळ्यांची असते. गळायला लागली की फक्त सर्वांत वरच्या मजल्यावाल्यांची. त्यामुळे बागेचा प्रस्ताव आला की वरच्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या राहतात आणि त्यांच्या बेडरूमच्या छतावर आलेल्या ओलीचे फोटो सभेत फिरतात. मग वॉटरप्रूफिंग, कुंडीखालच्या ताटल्या, ताटल्यांतल्या पाण्यातले डास आणि डासांमुळे होणारा डेंगी, असा आरोग्याचा सखोल विचार होतो. आमच्याकडे विरोध मावळला तो एकाच वाक्याने. पुण्यात गांडूळखत प्रकल्प केला तर मिळकतकरात सवलत मिळते, असं कोणीतरी म्हणालं. 'सवलत' हा शब्द कानावर पडताच अख्खी सभा गांडुळांच्या बाजूने उभी राहिली. सेक्रेटरींनी तेवढं एक वाक्य इतिवृत्तात घालून घेतलं : 'मुळे स्लॅबमध्ये शिरल्यास त्याची जबाबदारी झाडाच्या मालकावर राहील.'

मग रोपं आणायला उरुळी कांचनच्या बाजूला जायचं. सोलापूर रस्त्याच्या त्या पट्ट्यात रोपवाटिकांची रांगच आहे. याच उरुळीत गांधीजींनी १९४६ साली निसर्गोपचार आश्रम सुरू केला. निसर्गोपचारात पोटावर मातीची पट्टी ठेवतात. म्हणजे एकाच गावात दोन्ही सोयी झाल्या : पोटावर माती घ्यायची असेल तर आश्रमात, पोट घेऊन मातीत वाकायचं असेल तर रोपवाटिकेत. आपण दुसरीकडे जातो, कारण तिथे गाडी थेट आतपर्यंत जाते. चार रोपं घ्यायला गेलेली मंडळी मग डिकी भरून परत येतात. आंबा कुंडीत येतो का, या प्रश्नाला रोपवाटिकेतला पोऱ्या कधीच नाही म्हणत नाही. त्याच्या मते चिकू, डाळिंब, अंजीर, फणस, सगळं कुंडीत येतं. "किती दिवसांत?" असं विचारलं की त्याला मालक हाक मारतात.

घरी आल्यावर कोकोपीटची वीट पाण्यात टाकायची. ती बादलीत फुगते, बादलीबाहेर येते आणि बाथरूमभर होते. दुसरी पायरी जीवामृताची. सुभाष पाळेकरांनी शेतकऱ्यांसाठी सांगितलेली ही कृती आहे. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली ती शेतीतल्या कामासाठी, आणि त्यांचं प्रमाण एकरी आहे : २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचं पीठ आणि बांधावरची मूठभर माती. हे पिंप सावलीत ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. आमच्या मंडळींनी एकर सोडून बाकी सगळं जसंच्या तसं घेतलं. तीस कुंड्यांसाठी २०० लिटर. तिसऱ्या दिवशी लिफ्टच्या डक्टमधून तो दरवळ खाली उतरला आणि सोसायटीतल्या सर्व वयोगटांनी जिने चढायला सुरुवात केली. बागकामाचा हृदयाला होणारा फायदा मी प्रथम पाहिला तो असा. डाळीच्या पिठाबद्दल मात्र काही घरांत कटुता आली. "झाडांना बेसन आणि गूळ, आणि मला उकडलेलं पडवळ," असं एका मधुमेही आजोबांनी सुनेला ऐकवलं.

दुसरा फायदा ड जीवनसत्त्वाचा. कोवळं ऊन अंगावर घ्या, असं डॉक्टरांनी बजावलेलं असतं. त्यानुसार सकाळी आठ वाजता गच्चीवर जी आकृती येते तिच्या डोक्यावर टोपी, टोपीवरून स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, कोपरापर्यंत सनकोट, हातात रबरी मोजे आणि उघड्या राहिलेल्या नाकाच्या शेंड्यावर सनस्क्रीन असतं. सूर्य बिचारा तासभर शिकस्त करतो आणि नाकाच्या शेंड्यापुरतं ड जीवनसत्त्व देऊन वर सरकतो.

बाग लावल्यानंतरचं पहिलं पीक म्हणजे सल्ला. तो बारमाही येतो. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसायला लागला, म्हणजे मिलीबग आला, की लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो. एक जण कडुनिंबाचं तेल सांगतो, दुसरा साबणाचं पाणी, तिसरा तांब्याचा तुकडा घालून आंबवलेलं ताक, चौथा म्हणतो की उपटून टाका. कोथिंबिरीचं तसंच. धणे अख्खे पेरायचे नसतात, लाटण्याखाली रगडून दोन डाळ्या वेगळ्या करून पेरायचे, हे खरं ज्ञान आमच्या कामवाल्या मावशींकडे होतं. पण त्यांना कोणी विचारलं नाही, कारण सगळे व्हिडिओ बघण्यात गुंतले होते. पुढे उगवली तेव्हा ती कबुतरांनी खाल्ली. कबुतरांची तब्येत उत्कृष्ट आहे.

दुधी भोपळ्याची गोष्ट वेगळी. दुधी लागत नाही तोवर लागत नाही. पावडर म्हणू नका, खत म्हणू नका, वेल नुसता पसरतो आणि पोकळ फुलं गाळतो. मग एका आठवड्यात काय होतं कोण जाणे, रोज सकाळी दोन लटकलेले. घरात दुधीची भाजी, दुधीचे मुटके, दुधीचं रायतं, दुधीचं थालीपीठ होतं, आणि तरी उरतात. मग शेजाऱ्यांना वाटप. सुरुवातीला लोक "अरे वा, घरचा!" म्हणतात. दुसऱ्या फेरीत "अहो, कशाला" म्हणतात. तिसऱ्या फेरीत बेल वाजवली तर आत टीव्ही बंद होतो आणि सगळं घर श्वास रोखून बसतं. दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या-फळं खावीत अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या काळात आमच्या मजल्याने तिच्या दुप्पट कामगिरी केली, आणि तीही एकाच भाजीवर.

या सगळ्या उलाढालीची शिस्तशीर नोंद ठेवणारे एकच गृहस्थ आमच्याकडे आहेत, बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांच्या वहीत डाव्या पानावर रोजचा रक्तदाब आणि उजव्या पानावर बागेचा जमाखर्च असतो. उजवं पान भीषण आहे. कुंड्या, माती, खत, फवारणीचा पंप, गुडघ्याखाली घ्यायची गादी आणि गादीवरून उठता न आल्यामुळे लागलेली फिजिओथेरपी, हे सगळं धरलं तर त्यांच्या मेथीची एक जुडी मंडईतल्या महिन्याभराच्या भाजीच्या भावात पडते. एरवी खात्यात पाच रुपयांचा फरक आला तर संध्याकाळपर्यंत शाखा उघडी ठेवणारा हा माणूस. पण डावं पान बघावं तर दाब उतरलेला. मजा पुढेच आहे. वांग्याला शेंडेअळी लागली आणि सगळी झाडं उपटावी लागली त्या आठवड्यात तर दाब सर्वांत छान होता. मी कारण विचारलं. काका म्हणाले, "अरे, गेली तर गेली. संध्याकाळी मंडईतून भरताचं वांगं आणलं." या उत्तराकडे पुन्हा यावं लागेल, तोवर ते बाजूला ठेवू.

मातीने तब्येत सुधारल्याचं आपल्याकडचं थोर उदाहरण विनोबांचं. १९३८ साली त्यांची प्रकृती फार खालावली होती. गांधीजींनी हवापालट करायला सांगितलं, तेव्हा थंड हवेच्या ठिकाणी न जाता ते वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीकाठी राहिले आणि रोज थोडं थोडं खणू लागले. सुरुवात अगदी काही मिनिटांची, मग हळूहळू वाढवत नेलेली. प्रकृती सुधारली, वजन वाढलं आणि खणताना भरत-भेटीचं प्राचीन शिल्पही सापडलं. आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत खणणाऱ्यांना बिल्डरने पुरलेला राडारोडा, गुटख्याच्या पुड्या आणि केबलवाल्याची वायर सापडली. वायर तुटल्यामुळे क्रिकेटचा सामना बंद पडला आणि त्या दिवशी पूर्ण इमारतीचा रक्तदाब वाढला. विनोबांचं वजन खणून वाढलं, आपल्याला खणून उतरवायचं आहे, हा फरक वेगळाच.

गच्ची अपुरी पडायला लागली की माणसाला जमीन दिसू लागते. इथे कायदा आडवा येतो. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. डॉक्टर म्हणतात मातीत जा, सरकार विचारतं तुम्ही कोण. मग शहरी माणूस आपल्या वंशवृक्षात शेतकरी शोधू लागतो. जन्मात न आठवलेल्या चुलत आजोबांची चौकशी सुरू होते. दिवाळीला गावी एक फोन जातो, "काका, तब्येत कशी आहे? आणि आपल्या सातबाऱ्यावर बाबांचं नाव अजून आहे ना?" गावाकडचे काका अनुभवी असतात. तब्येत चांगली आहे, एवढंच ते सांगतात.

जर्मनांनी हा प्रश्न पद्धतशीर सोडवला. लाइपझिगमध्ये १८६४ साली एका शाळेच्या मुख्याध्यापकांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली आणि तिला मोरित्झ श्रेबर या दिवंगत डॉक्टरांचं नाव दिलं गेलं. शहरातल्या मुलांना मोकळ्या हवेत खेळायला मिळावं हा हेतू. मैदान झालं, आणि मैदानाच्या कडेला एका शिक्षकाने मुलांसाठी छोटे वाफे आखून दिले, की पोरांनी बागकाम करावं आणि तब्येत कमवावी. पोरांनी थोडे दिवस खणलं आणि ती खेळायला पळाली. वाफ्यांत रान माजलं. मग आईबाप आले, त्यांनी खुरपं घेतलं, कुंपण घातलं, छोटी खोपटी बांधली, आणि बाग कायमची मोठ्यांची झाली. आज जर्मनीत अशा बागांना त्या डॉक्टरांच्या नावाने श्रेबरगार्टन म्हणतात. १९८३ चा केंद्रीय कायदा आहे : वाफा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा असू नये, खोपटं २४ चौरस मीटरच्या आत असावं. विश्रांतीसाठी एवढे नियम वाचून आमच्या सेक्रेटरींचे डोळे पाणावले. पण मला त्यातला पोरांचा भाग महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या आरोग्यासाठी सुरू केलेली कुठलीही गोष्ट शेवटी आईबापांना करावी लागते, हे दीडशे वर्षांपूर्वी आणि तेही जर्मनीत सिद्ध झालं आहे. आपल्या गच्चीवर 'चिऊचा टोमॅटो' अशी पाटी लावलेल्या कुंडीला रोज पाणी कोण घालतं, ते बघावं.

ज्यांना ना सातबारा मिळतो ना जर्मनी, त्यांच्यासाठी आता भातलावणीची सहल निघाली आहे. जुलैच्या एखाद्या रविवारी मुळशी-मावळात जायचं, माणशी पैसे भरायचे, चिखलात उतरून लावणी करायची आणि जेवून परत यायचं. शेतीच्या इतिहासात ही क्रांतीच म्हणावी लागेल. मजूर मिळत नाहीत म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं हैराण होता. आता मजूर मोटारीने येतो, मजुरी मागत नाही, उलट देऊन जातो, आणि वर फोटो काढून आभारही मानतो.

अशा एका सहलीत हिंजवडीची वीसेक मंडळी खाचरात उतरली होती. कोणाच्या अंगावर पावसाळी जाकीट, कोणाच्या पायात गिर्यारोहणाचे बूट, जे पहिल्याच पावलाला चिखलाने ठेवून घेतले. शेतकरी चारसूत्री पद्धतीने लावणारा होता, त्यामुळे खाचराच्या आडवी एक दोरी ताणलेली, आणि दोरीवरच्या खुणांप्रमाणे एकदा १५ आणि एकदा २५ सेंटिमीटरवर रोप लावायचं. मंडळींना शिकवायला एक आजी होत्या. सत्तरी सहज ओलांडलेल्या, काष्टा मारलेला, डोक्यावरून प्लास्टिकचा कागद. डाव्या हातात मूठ धरून उजव्या हाताने दोन-तीन रोपं सोडवायची, अंगठा आणि दोन बोटांनी चिखलात खोचायची, आणि मागं सरकायचं, असं त्यांनी करून दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि लावायला सुरुवात केली पुढे जात. म्हणजे जे लावलं ते आपल्याच पायांनी तुडवत.

"अवो दादा, मागं या, मागं," आजी ओरडल्या.

"सॉरी, सॉरी आजी."

"आन् पायाच्या खड्ड्यात नका खोचू, ताई. तरंगंल ते."

ताईंनी तोवर पायाच्या चार खड्ड्यांत चार रोपं खोचली होती, आणि ती चारही एव्हाना तरंगत बांधाकडे निघाली होती. तासाभरात खाचराचा एक कोपरा भरला. मंडळी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि हिरव्या रेषांकडे कृतार्थ नजरेने बघू लागली. मागून आजी आणि त्यांची सून शांतपणे येत होत्या आणि तीच रोपं उपटून पुन्हा लावत होत्या. दिवसाकाठी दोनदा लावणी होणारं ते तालुक्यातलं एकमेव खाचर असावं.

एका मुलाने गमतीने आपलं फिटनेसचं घड्याळ आजींच्या मनगटावर बांधलं. दोन तासांनी ते थरथरलं आणि त्याने दिवसाचं उद्दिष्ट पूर्ण झाल्याबद्दल आजींचं अभिनंदन केलं. मुलाच्या हातावर असताना ते सहसा "उठा, जरा हालचाल करा" एवढंच सांगायचं. आजींनी विचारलं, "काय म्हणतंय?"

"तुमची तब्येत उत्तम आहे म्हणतंय."

"त्याला म्हनावं, रातच्याला ये. कंबर बोलती तेव्हा ऐक."

त्यानंतर जेवण. वाटीभर पिठल्याचा बेत असतो असा समज करून घेऊ नये. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि वर वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेल्या इंद्रायणीचा वाफाळता, चिकट, सुवासिक भात, त्यावर तूप. चिखलात जळलेल्या उष्मांकांची पहिल्या दोन भाकऱ्यांतच भरपाई होते, पुढचं सगळं बचत खात्यात जमा. हिवाळ्यातला हुरडा तर याहून लबाड. शेतात मोकळ्या हवेत फिरायचं म्हणून जायचं, आणि आगटीपाशी बसायचं. गूळभेंडीची कोवळी कणसं भाजून, चोळून हातावर येतात, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, शेंगदाणे. बसल्या जागेवरून उठायचं ते थेट परतीच्या गाडीत. संध्याकाळी घरी कोणी विचारलं तर उत्तर एकच : "आज दिवसभर शेतावर होतो."

आता काकांच्या वांग्याकडे येऊ. हे सगळे प्रयोग खरे आहेत, आणि मातीत काम केल्याने माणसाला बरं वाटतं हेही खरं आहे. मग जो जन्मभर मातीतच काम करतो त्या शेतकऱ्याचं काय? त्याची १५० मिनिटं सोमवारी सकाळच्या न्याहारीआधीच पुरी होतात. ऊन त्याला हवं त्याहून जास्त मिळतं. ते सुखी जंतू त्याच्या नखांत कायमचे वस्तीला आहेत. विज्ञानाप्रमाणे तो आनंदाने ओसंडून वाहायला हवा. तो मात्र मान वर करून ढगांकडे बघत असतो आणि मान खाली करून मोबाइलवर बाजारभाव.

२०२३ सालचा टोमॅटो आठवा. उन्हाळ्यात भाव इतके पडले की शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट ओतून दिले, कारण तोडणीचा आणि गाडीभाड्याचा खर्चही निघत नव्हता. जुलैत तोच टोमॅटो शंभरी ओलांडून गेला. ज्यांनी ओतला होता त्यांना झोप लागेना, ज्यांच्या शेतात उभा होता ते राखणीसाठी रात्री जागू लागले. म्हणजे भाव पडले तरी जागरण, चढले तरी जागरण. त्याच जुलैत आमच्या गच्चीवर एका वहिनींच्या कुंडीत सहा टोमॅटो लागले होते. त्यांनी त्यांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, त्यावर टाळ्या पडल्या, आणि वहिनींचं कॉर्टिसॉल नेदरलँड्सच्या खाली गेलं. झाड तेच, माती तीच, अळीसुद्धा तीच. पण वहिनींच्या टोमॅटोवर मुलीचं लग्न, खताची उधारी किंवा गावच्या सोसायटीचं पीककर्ज अवलंबून नव्हतं.

काका म्हणाले ते हेच. "गेली तर गेली." मातीतलं खरं औषध या तीन शब्दांत आहे, आणि ते पेन्शनवाल्यालाच पचतं. पीक बुडालं तरी संध्याकाळचं जेवण ठरल्या वेळी होणार याची खात्री असेल, तर खुरपणी हा व्यायाम, ऊन हे जीवनसत्त्व आणि पाऊस हा अनुभव. ती खात्री काढून घेतली की त्याच तिन्ही गोष्टींची अनुक्रमे पाठदुखी, चक्कर आणि चिंता होते. डच शास्त्रज्ञांनी त्या तीस जणांना वाफ्यात सोडण्याआधी एवढंच सांगायला हवं होतं, की यंदा भोपळा आला नाही तर घर लिलावात जाईल. मग कॉर्टिसॉल कुठे जातं ते कळलं असतं.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. आरोग्य आणि कृषी या दोन्ही खात्यांनी मिळून अदलाबदलीची योजना काढावी. आपण शेतावर जायचं आणि शेतकऱ्याने आपल्या जागी बसायचं. कमरेला टेकू देणारी खुर्ची, एसी, अकरा आणि चारचा चहा, आणि एक तारखेला खात्यात पगार. महिन्याभरात त्याची पाठ सरळ होईल, दाब उतरेल, झोप लागेल आणि हौस म्हणून तो खिडकीत पुदिनासुद्धा लावेल. आपलं वजन उतरेल, ड जीवनसत्त्व वाढेल, घड्याळ अभिनंदनं करून करून थकेल. अडचण एकच दिसते. महिना संपल्यावर तो खुर्ची परत देणार नाही, आणि तलाठ्याकडून उतारा काढून आणला तर इतर हक्कांच्या रकान्यात कर्जाचा बोजा आता आपल्या नावावर चढलेला असेल. त्या संध्याकाळी आपण डॉक्टरांना फोन लावू आणि विचारू, "डॉक्टर, पोहण्याने नाही का भागणार?"